धड्याचे नाव झाकले तेव्हा

प्रश्न साधा होता. दर शनिवारच्या एकम कसोटीत, म्हणजे आपल्या घटक चाचणीत, बरे गुण आणणारा वर्ग वार्षिक परीक्षेत त्याच धड्यांवर आपटतो कसा? विचारणारी शाळा बडोद्यातली, दांडिया बाजाराच्या बाजूची, ट्रस्टची, जुनी. माध्यम गुजराती. पण गायकवाडी काळापासून राहिलेली मराठी घरे आजूबाजूला अजून बरीच आहेत, त्यामुळे वर्गातली पुष्कळ मुले घरी मराठी बोलणारी. नववीच्या दोन्ही तुकड्यांना गणित शिकवणाऱ्या बाईही मराठीच. शाळेत मात्र त्यांना सगळे ‘बेन’ म्हणतात, मराठी मुलांच्या आज्यासुद्धा. मीही इथे बेनच म्हणतो. शाळेचे नाव देत नाही, आणि माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

माझे काम शिक्षक-प्रशिक्षणातले. आचार्यांनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावले ते ‘मेंदूशास्त्राप्रमाणे गणित कसे शिकवायचे’ ते सांगायला. आधी वर्गात बसू द्या आणि गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका दाखवा, एवढेच मी मागितले.

आधी येऊन गेलेली कार्यशाळा

मेंदूचे नाव शाळेत माझ्याआधीच निघाले होते. आदल्या वर्षी बाहेरच्या एका संस्थेने शिक्षकांची कार्यशाळा घेतली होती. रंगीत स्लाइड, डाव्या-उजव्या मेंदूची चित्रे आणि मुलांकडून भरून घ्यायची एक प्रश्नावली. त्या प्रश्नावलीवरून प्रत्येक मुलावर शिक्का बसला: हा पाहून शिकणारा, ही ऐकून शिकणारी, तो हाताने करून शिकणारा. हजेरीपटाच्या झेरॉक्सवर नावांपुढे निळे, पिवळे, लाल ठिपके मी पाहिले. तासाच्या सुरुवातीला पाण्याचा घोट घ्यायचा आणि उजवा हात डाव्या गुडघ्याला लावायचा, असा एक व्यायामही होता. तो दिवाळीपर्यंतही टिकला नाही. ठिपके टिकले.

डाव्या-उजव्या मेंदूची गोष्ट, म्हणजे कोणी डाव्या मेंदूने चालणारा तर कोणी उजव्या, ही मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांच्या संशोधनातून सुटून बाजारात आलेली आहे. स्पेरींना १९८१ साली नोबेल मिळाले. पण त्यांनी अभ्यासलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा अपस्माराच्या उपचारासाठी कापलेला होता. आपल्या वर्गातल्या मुलांचा पट्टा शाबूत आहे, आणि शंकूचे घनफळ काढताना त्यांचे दोन्ही भाग मिळूनच राबतात. ठिपक्यांची कथा याहून लंगडी. हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली शिकण्याच्या शैलींवरचे संशोधन तपासले. मुलाची शैली ओळखून तसे शिकवले की तो जास्त शिकतो, हे दाखवणारा नीट रचलेला पुरावा त्यांना जवळजवळ मिळालाच नाही. तरी या समजुती हटत नाहीत, आणि याचा दोष फक्त आपल्याकडच्या शिक्षकांना देण्यात अर्थ नाही. २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांची पाहणी झाली तेव्हा मेंदूविषयीच्या विचारलेल्या खोट्या समजुतींपैकी साधारण निम्म्या त्यांनाही खऱ्या वाटत होत्या. बरे, ते शिक्षक या विषयात रस असलेले होते.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. ठिपक्याने कोणाचे काय बिघडते? पण मधल्या सुटीत एक मुलगा मला सहज म्हणाला, “सर, मी ऐकून शिकणारा आहे. भूमिती मला जमत नाही.” त्याच्या नावापुढे पिवळा ठिपका होता. हजेरीपटाच्या त्या झेरॉक्स त्याच दिवशी काढून टाका, ही माझी शाळेला पहिली सूचना. त्या निघाल्या. मुलाच्या डोक्यातून ते निघायला मार्च उजाडला.

दोन उत्तरपत्रिका

बेनच्या शिकवण्यात खोट नव्हती. फळा स्वच्छ, आकृती रेखीव, प्रत्येक पायरीला “का?” विचारणार, आणि एकही तास बुडवणार नाहीत. धडा संपला की त्यावरचे सगळे स्वाध्याय, मग शनिवारी कसोटी, सोमवारी पुढचा धडा. शहरातल्या बहुतेक शाळांत आणि झाडून सगळ्या ट्युशनमध्ये हाच क्रम चालतो.

कपाटातून गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका निघाल्या. एकाच मुलाची जानेवारीतली कसोटी आणि एप्रिलमधली वार्षिक परीक्षा मी शेजारी शेजारी ठेवली. दोन्हीत एकाच घाटाचा प्रश्न होता: कमाटी बागेबाहेर दाणे विकणारा कागदाचा पुडा वळतो, पुड्याच्या तोंडाची त्रिज्या ५ सेंमी, उभी उंची १२ सेंमी, पुड्याला कागद किती लागेल? (पायची किंमत ३.१४ घ्या.)

जानेवारीत त्याने आधी तिरकी उंची काढली होती, १३ सेंमी. मग ३.१४ गुणिले ५ गुणिले १३, उत्तर २०४.१ चौरस सेंमी. पूर्ण गुण. एप्रिलमध्ये त्याच मुलाने लिहिले: एक तृतीयांश गुणिले ३.१४ गुणिले २५ गुणिले १२, उत्तर ३१४ चौरस सेंमी.

आकडेमोड चोख आहे. सूत्रही अचूक पाठ आहे, फक्त ते घनफळाचे आहे. आणि तरी एकक त्याने चौरस सेंमी लिहिले. म्हणजे कागद मोजायचा आहे हे त्याच्या मनात कुठेतरी होते. हाताने मात्र पुड्यात मावणारे दाणे मोजले. बाकीचा गठ्ठा चाळताना याच जातीच्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या. एकीने तिरक्या उंचीच्या जागी उभी उंची घालून १८८.४ काढले होते. एकाने गोलाचे सूत्र लावले होते. सूत्र विसरल्यामुळे प्रश्न कोरा सोडलेली मुले त्यामानाने थोडी.

जानेवारीत हे का घडले नाही? पाठ्यपुस्तक उघडले की कारण दिसते. पहिल्या स्वाध्यायात सगळी गणिते शंकूच्या पृष्ठफळाची, दुसऱ्यात गोलाच्या पृष्ठफळाची, तिसऱ्यात शंकूच्या घनफळाची, चौथ्यात गोलाच्या घनफळाची. कुठले सूत्र लावायचे हे स्वाध्यायाच्या डोक्यावरच लिहिलेले असते. मूल प्रश्न वाचत नाही. त्यातले आकडे उचलते आणि सूत्रात टाकते. शनिवारची कसोटी त्याच आठवड्याच्या धड्यावर, म्हणून तिथेही निवड करायची वेळ येत नाही. ती पहिल्यांदा येते वार्षिक परीक्षेत, आणि तिचा सराव वर्षभरात एकदाही झालेला नसतो.

संशोधनातून काय घेतले

जॉन ब्रूअर यांनी १९९७ सालीच बजावून ठेवले आहे की मेंदूतल्या पेशींच्या अभ्यासावरून थेट वर्गाच्या फळ्यापर्यंत पूल बांधता येत नाही. मध्ये मानसशास्त्राचा टप्पा घ्यावा लागतो. मला हे पटते. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिक्षण आणि मानसशास्त्र एकाच विद्याशाखेत नांदतात, याचे मला म्हणूनच नेहमी बरे वाटते. बेनला मी जे सांगितले त्यातले बहुतेक पुरावे मेंदूच्या स्कॅनमधून आलेले नाहीत. कागद, पेन्सिल आणि घड्याळ एवढ्यावर केलेल्या प्रयोगांतून ते आलेले आहेत.

त्यातला एक तर जणू याच शाळेसाठी केलेला. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली फ्लोरिडात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका आकृतीची सगळी गणिते सलग सोडवली, दुसऱ्याने तीच गणिते मिसळून. सराव चालू असताना सलगवाले ८९ टक्के बरोबर होते, मिसळवाले ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर राहिले. हे कॉलेजातले झाले. पण २०२० साली रोहरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांवर केलेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथे महिन्याभरानंतरच्या चाचणीत मिसळून सराव केलेल्यांना ६१ टक्के आणि सलग केलेल्यांना ३८ टक्के मिळाले.

दुसरा पुरावा आठवण्याचा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला; काहींनी एकदा वाचून पुढे तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तर वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१. आठवड्याने पारडे फिरले: वाचणारे ४०, आठवणारे ६१.

या आकड्यांत बेनचे लक्ष पहिल्यांदा कुठे गेले, तर शेवटच्या निकालावर नाही, आधीच्या घसरणीवर. त्या म्हणाल्या, “म्हणजे सर, चांगली पद्धत आधी वाईटच दिसणार. आणि आमच्याकडे तर सगळे शनिवारीच बघतात.” पुढचे तीन महिने कशावर अडणार हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखले होते.

असे का होते, याचे थोडक्यात उत्तर असे. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी थोड्या असतात. नेल्सन कोवान यांच्या २००१च्या मांडणीनुसार चारच्या आसपास. नुकतेच शिकलेले सूत्र त्या हाताशी असलेल्या जागेत पडलेले असते, म्हणून ते ‘येते’ असे वाटते. दिवस गेले, दुसरे धडे मध्ये आले, की ते शोधून आणावे लागते, आणि शोधून आणण्याच्या त्या खटपटीनेच पुढच्या वेळची वाट पक्की होते. रॉबर्ट ब्यॉर्क यांनी अशा खटपटीला हव्याशा अडचणी म्हटले आहे. हव्याशा हे शिक्षकाच्या बाजूने. मुलाला त्या नकोशाच वाटतात.

वर्गात केलेला बदल

बदल तीन होते, आणि कुठल्याही साहित्यावाचून होणारे होते.

तासाच्या सुरुवातीला कोरे पान. पुस्तक-वही बंद, कालचे आणि गेल्या आठवड्याचे जे आठवते ते लिहायचे. गुण नाहीत, बेन गोळाही करणार नाहीत. लिहून झाले की वही उघडून लाल पेनने आपले आपण तपासायचे. हे तपासणे महत्त्वाचे. चुकीचे आठवले आणि ते तसेच राहिले, तर चूकच घट्ट होते.

दुसरी, रोजची चिठ्ठी. पाव कागदावर चार गणिते: एक आजचे, एक गेल्या आठवड्यातले, एक मागच्या कुठल्यातरी धड्यातले. वर धड्याचे नाव नाही. चौथ्या प्रश्नाखाली ठळक लिहिलेले असे: ‘सूत्र निवडा, कारण लिहा, गणित करू नका.’ हा चौथा प्रश्न बेनच्या डोक्यातला, माझा नव्हे, आणि सगळ्यांत कामाचा तोच ठरला. आकडेमोडीचा आधार काढून घेतला की मुलाला प्रश्न वाचावाच लागतो. पहिल्या दिवशी एका हुशार मुलीने हात वर करून विचारले, “बेन, गणित करायचे नाही तर मग करायचे काय?”

तिसरा बदल शनिवारचा. कसोटी घेणे शाळेला भाग होते. पण निम्मे प्रश्न जुन्या धड्यांवरचे घालायला आचार्यांनी, जरा नाखुशीनेच, होकार दिला.

सगळेच मिसळून टाकले असे मात्र नाही. नवे सूत्र शिकताना पहिले दोन दिवस बेन सलगच गणिते देत, आणि त्यातली पहिली काही फळ्यावर पूर्ण सोडवून. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला मुद्दा हाच आहे: नवशिक्याला आधी सोडवलेली उदाहरणे लागतात, नाहीतर त्याची सगळी ताकद चाचपडण्यात जाते. मिसळ घालायची ती हाताला पकड आल्यावर. ‘मेंदूशास्त्र सांगते म्हणून’ पहिल्या दिवसापासून सगळे ढवळून देणाऱ्या उत्साही मंडळींना हे सांगावे लागते.

शनिवारचे गुण आणि पालकसभा

घसरण झाली. बेनने म्हटले होते तशी आणि त्याहून जास्त. पंचविसात वीस-बावीस आणणारी मुले बारा-तेरावर आली. ट्युशनच्या सरांनी विचारपूस सुरू केली, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्न आले, आणि नाताळच्या आधी एक संध्याकाळ पालकांसाठी ठेवावी लागली.

त्या सभेआधी आचार्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “सर, नोटिशीवर मेंदूचे एखादे चित्र टाकू या का? पालकांना पटते.” त्यांचा अंदाज अगदी खरा आहे. डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले की लंगड्या स्पष्टीकरणात मेंदूविषयी एखादे असंबद्ध वाक्य घातले, तरी ते सामान्य वाचकांना जास्त पटू लागते. नेमके म्हणूनच मी नको म्हणालो. चित्राने पटलेले पालक पुढच्या वर्षी दुसऱ्या चित्राने दुसरीकडे वळतील.

सभेत पहिले बोलले ते एका मराठी मुलाचे वडील. “बेन, राग मानू नका. पण घरी विचारलं तर सगळं येतं त्याला. पुस्तक चार वेळा वाचून झालंय. शाळेत मात्र बारा. काय समजायचं आम्ही?”

मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “रात्री अकरापर्यंत बसतो हो तो.”

बेननी समजावण्याच्या भानगडीत न पडता सगळ्यांना एकेक चिठ्ठी वाटली. दोनच प्रश्न होते, दोन्ही त्या पुड्याचे, आकडे तेच. एकात कागद किती लागेल, दुसऱ्यात दाणे किती मावतील. “गणित करू नका. दोन्हीला एकच सूत्र लागेल की वेगळे, आणि पहिल्यात कुठली उंची घ्याल, एवढेच सांगा.” खोलीत बँकेतले होते, एक इंजिनिअर होते, दोन शिक्षिका होत्या. बराच वेळ कुजबुज चालली. इंजिनिअरसाहेबांनी पहिल्याला उभी उंची घेतली.

उत्तर दिले ते दाराशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी. प्रतापनगरकडे त्यांचे पत्र्याच्या कामाचे दुकान आहे. नरसाळी, चाळण्या, डबे. “आम्ही नरसाळं कापताना तिरकंच माप घेतो. उभं माप पत्र्याला कशाला? उभं पाहिजे आत तेल किती राहील त्याला.” मग त्यांनी हातातली चिठ्ठी फाडून, गुंडाळून दाखवली: सपाट कागदावर जी कड असते, तीच वळल्यावर तिरकी बाजू होते.

दुसऱ्या दिवशी बेनने वर्गात तेच केले. जुन्या कॅलेंडरची पाने घेऊन १३ सेंमी त्रिज्येची पाकळी कापायला लावली. ५ सेंमी त्रिज्येचे तोंड यायचे तर पाकळीचा कोन १३८ अंशांहून किंचित जास्त घ्यावा लागतो. तो कोन मुलांनीच हिशेब करून काढला. पाकळी वळली की पुडा, उलगडली की पृष्ठफळ. यात मेंदूशास्त्र काही नाही. चांगल्या शिक्षकाला ते सुचते, पत्रेवाल्याला रोज करावे लागते. पण त्या दिवसानंतर उभ्या-तिरक्या उंचीची गल्लत जवळजवळ थांबली. चिठ्ठ्यांनी एकट्यांनी ती थांबली असती असे मला वाटत नाही.

पालकांचे म्हणाल तर ते पटले नाहीत, थांबायला तयार झाले. मार्चपर्यंत बघू, असे ठरले. त्या वडिलांना बेनने एक काम दिले: मुलगा पुस्तक वाचून झाले म्हणाला की पुस्तक आपल्याकडे घ्यायचे आणि “आता सांग” म्हणायचे. त्यांनी ते केले, आणि चार दिवसांनी मुलाशी त्यांचे भांडण झाले अशी बातमी आली. येते म्हणजे काय, याची घरी पहिल्यांदाच झडती झाली होती.

उत्तरायण होऊन गेल्यावर

१४ जानेवारीला उत्तरायण, १५ला वासी उत्तरायण. बडोद्यात ते दिवस गच्चीवरच जातात, आणि आदले आठ दिवस मांजा-पतंगांत. अभ्यास या काळात होत नाही, हे गृहीतच धरायचे. विसरण्यासाठी याहून चांगला काळ शोधून सापडणार नाही. बेनने उत्तरायणानंतर, न सांगता, एक मिश्र चाचणी घेतली. त्यात डिसेंबरात नव्या पद्धतीने शिकवलेले शंकू-गोल होते आणि नोव्हेंबरात जुन्याच पद्धतीने संपवलेले हेरॉनचे सूत्रही, म्हणजे तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढायचे सूत्र. हेरॉनचा धडा चिठ्ठ्यांतून मुद्दाम वगळला होता.

शंकू-गोलांची उत्तरे पाहून बेनने पेन खाली ठेवले. कागद की दाणे, ही निवड बहुतेकांनी बरोबर केली होती. चुका होत्या त्या आकडेमोडीच्या. हेरॉनची गंमत वेगळीच. सूत्र जवळपास सगळ्यांना पाठ होते. प्रश्न होता काटकोन त्रिकोणाचा: पाया १२, उंची ५, क्षेत्रफळ काढा. पाया गुणिले उंची भागिले दोन, ३०, एका ओळीत संपणारे काम. पुष्कळ मुलांनी आधी पायथागोरस लावून तिसरी बाजू १३ काढली, अर्धपरिमिती १५ काढली, मग १५, १०, ३ आणि २ यांचा गुणाकार ९००, त्याचे वर्गमूळ ३०. उत्तर बरोबर, पण द्राविडी प्राणायाम. त्या धड्यात प्रत्येक त्रिकोणाला हेरॉन लागला होता, म्हणून त्रिकोण दिसला की हेरॉन. सूत्र आठवणे आणि सूत्राची वेळ ओळखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे बेनला सांगायची गरज माझ्यापुरती तिथे संपली.

यावरून काय सिद्ध झाले? फार नाही. दोन धडे सारखे अवघड नव्हते, चाचणी बेननीच काढली आणि बेननीच तपासली, शेजारी तुलनेला दुसरा वर्ग नव्हता. दोन तुकड्यांना दोन पद्धती वापरून पाहा असे मी सुचवले होते. बेनने ते उडवून लावले, आणि त्यांचे कारण बिनतोड होते: दोन्ही तुकड्यांतली मुले एकाच रिक्षाने येतात, संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या सगळ्यांकडे पोचतात. माझे मत विचाराल तर, प्रयोगशाळेत आणि ५४ वर्गांत जे दिसले तेच इथेही दिसले असे म्हणायला हरकत नाही. त्यापुढे जाऊ नये.

वार्षिक परीक्षेत फायदा झाला तो मधल्या मुलांना. वरची मुले आधीही निवड करत होती, त्यांच्या गुणांत फरक पडला नाही. आणि मागच्या बाकावरचा एक छोटा गट होता तिथेच राहिला. त्यांची अडचण सूत्र निवडण्याची नव्हतीच. त्यांना अपूर्णांकांचा गुणाकार येत नव्हता, वर्गमूळ ऐकूनच ती मागे सरत होती. अशा मुलासमोर चार धड्यांची मिसळ ठेवणे म्हणजे त्याला चार ठिकाणी एकदम अडवणे. पिवळ्या ठिपक्याचा मुलगा यातलाच. त्याच्यासाठी बेनने फेब्रुवारीत शाळा सुटल्यावर सहावीच्या पुस्तकापासून सुरुवात केली, सलग, एका वेळी एकच प्रकार. मार्चअखेर तो भूमितीचा प्रश्न कोरा सोडेनासा झाला. पास झाला, काठावर.

शाळेत काय उरले

समाजविद्येच्या शिक्षिकांनी कोऱ्या पानाचा प्रयोग केला आणि लवकरच सोडला, कारण त्या सगळी पाने घरी नेऊन तपासत होत्या. तपासायचे नसते, हे त्यांना शेवटपर्यंत पचले नाही. “मुलाने लिहिलेले मी बघायचेच नाही, हे कसे?” या प्रश्नातला जिव्हाळा मला कळतो. पण साठ-साठ पानांखाली दबलेला शिक्षक कुठलीच पद्धत चालवू शकत नाही. विज्ञानाच्या सरांनी चिठ्ठी उचलली, आणि ती चालू आहे. दहावीच्या शिक्षकांनी अभ्यासक्रम संपेपर्यंत मिसळ नको म्हणून स्पष्ट सांगितले. बोर्डाच्या वर्षी कोणाला धोका पत्करायचा नाही. मला यात विसंगती दिसते, कारण बोर्डाची प्रश्नपत्रिका हीच सगळ्यांत मोठी मिसळ असते. आचार्यांनाही ती दिसते. तरी त्यांनी आग्रह धरला नाही.

शनिवारच्या कसोटीतले निम्मे जुने प्रश्न नववीत कायम झाले. मी या सगळ्या बदलांतला सर्वांत मोठा हाच धरतो. कोरे पान आणि चिठ्ठी बेनच्या चिकाटीवर चालतात. त्या रजेवर गेल्या की थांबतात. कसोटीचा नमुना मात्र शाळेच्या कागदात लिहिला गेला, आणि मुले शेवटी ज्याचे गुण मिळतात त्याचाच सराव करतात.

आता बेनपुढे नवीनच भानगड आहे. त्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो रावपुऱ्यातल्या एका ट्युशनवाल्यांपर्यंत पोचले. त्यांनी त्या सगळ्या टाइप केल्या, धड्यांप्रमाणे नीट लावल्या, प्रत्येक गठ्ठ्यावर सूत्र छापले आणि ‘अतिमहत्त्वाचे प्रश्न’ म्हणून मुलांना वाटल्या. मिसळायला तीन महिने गेले होते, वेगळे करायला बहुधा एक दुपार. बेन चिडल्या नाहीत. त्या वर्षीपासून त्या आकडे तेच ठेवतात आणि फक्त शेवटची ओळ बदलतात, एका तुकडीला एक, दुसरीला दुसरी. ट्युशनची पुस्तिका पाठ करून आलेली मुले आकडे ओळखतात आणि ओळ न वाचताच उत्तर लिहितात. अशा उत्तरांवर बेन लाल शाईने शेवटच्या ओळीखाली रेघ मारतात आणि चिठ्ठी परत देतात.